गुणोत्तराची शाब्दिक उदाहरणे: क्ष नेमका कशासाठी?
(सरावसंचासोबतचे माहितीपत्रक)

गुणोत्तराची उदाहरणे बहुधा आकडेमोडीत चुकत नाहीत, मांडणीच्या पहिल्या ओळीतच चुकतात.

गुणोत्तर ४:३ आहे, म्हणजे संख्या ४ आणि ३ आहेत असे नव्हे. दोन्ही मूळ संख्यांना एकाच संख्येने भागल्यावर ४ आणि ३ उरले. तो भाजक म्हणजे क्ष. म्हणून मूळ संख्या ४क्ष आणि ३क्ष. बेरीज दिली असेल तर ती ७क्ष, फरक दिला असेल तर नुसता क्ष. साधी उदाहरणे इथेच सुटतात.

अडतात ती बदलाची उदाहरणे. समजा, दोन भावंडांच्या आजच्या वयांचे गुणोत्तर ४:३ आहे आणि ६ वर्षांनी ते ११:९ होईल.

(४क्ष + ६) / (३क्ष + ६) = ११/९
९(४क्ष + ६) = ११(३क्ष + ६)
३६क्ष + ५४ = ३३क्ष + ६६
३क्ष = १२, म्हणून क्ष = ४

आजची वये १६ आणि १२. पडताळा: २२:१८ = ११:९.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे नवी वयेही ११क्ष आणि ९क्ष मानणे. तसे केले तर ४क्ष + ६ = ११क्ष यातून क्ष = ६/७ येतो आणि ३क्ष + ६ = ९क्ष यातून १. एकाच क्षच्या दोन किमती! कारण नव्या वयांचा भाजक वेगळा आहे: २२ आणि १८ यांना भागणारा २, ४ नव्हे. तिरकस गुणाकारात कंस विसरून ५४ ऐवजी ६ लिहिणे ही दुसरी चूक. आणि क्ष = ४ मिळाल्यावर तेच उत्तर म्हणून लिहू नका; विचारले आहे वय.

बदल एकाच पदात असेल तर दुसऱ्याला हात लावू नये. आम्ल व पाणी ३:२ असलेल्या मिश्रणात १० लिटर पाणी ओतल्यावर ३:४ झाले, तर ३क्ष / (२क्ष + १०) = ३/४; क्ष = ५.

अ:ब = २:३ आणि ब:क = ४:५ असेल तर आधी ब सारखा करा. ३ आणि ४ यांचा लसावि १२, म्हणून ८:१२:१५. क्ष त्यानंतरच.

एककांचेही तसेच: ५० सेंमी आणि २ मी यांचे गुणोत्तर १:४, २५:१ नव्हे.

माणसे किंवा वस्तू मोजायच्या असतील, गुणोत्तर अतिसंक्षिप्त रूपात असेल आणि तरी क्ष अपूर्णांकात आला, तर पहिली ओळ पुन्हा तपासा. लांबी-वजनात मात्र अपूर्णांक चालतो.