रेडॉन: शेजारच्या घराचा आकडा तुमच्या कामाचा नाही

'रेडॉन जड वायू आहे, म्हणून तो तळघरात साचतो.' उपनगरांतल्या स्वतंत्र घरांमध्ये राहणाऱ्यांकडून हे हमखास ऐकायला मिळतं. हा किरणोत्सारी वायू हवेच्या सुमारे साडेसात पट जड आहे, हे खरं. पण घरात त्याचे अणू इतके विरळ असतात, की ते हवेत पुरते मिसळून जातात, तळाशी बसत नाहीत. तळघरात रेडॉन जास्त सापडतो तो आत शिरायची वाट तिथे आहे म्हणून.

खडकामातीत युरेनियम थोडंफार सगळीकडे असतं. त्याच्या अणूंच्या क्षयातून, म्हणजे किरणोत्सार सोडत आपोआप फुटण्यातून, पुढे रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. रेडॉनचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटून जायला लागणारा काळ, ३.८ दिवसांचं; तेवढा वेळ मातीच्या पोकळ्यांतून घरापर्यंत पोचायला पुरेसं.

पण घरात तो येतो कसा? थंडीत घर गरम ठेवलं की उबदार हवा वर चढते आणि छताच्या सांध्यांतून, वरच्या खिडक्यांच्या फटींतून निसटते. तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. त्यामुळे खालच्या मजल्यावर दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतो, जेमतेम दोन-चार पास्कल. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो, हे लक्षात घेतलं तर हा फरक नगण्य वाटेल. पण तो तासन्‌तास टिकतो, आणि काँक्रीटच्या तड्यांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून जमिनीतली हवा वर ओढतो. घर धुरांड्यासारखं वागतं! स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन ही ओढ आणखी वाढवतो. माती किती सच्छिद्र, तडे किती, घर किती हवाबंद, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. म्हणूनच एकाच नकाशाच्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांतही रेडॉनचे आकडे कितीतरी वेगळे येतात.

१९८४ साली अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात एका अणुवीज प्रकल्पातला अभियंता कामावर येतानाच किरणोत्साराची धोक्याची घंटा वाजू लागली. प्रकल्पातून वीजनिर्मिती अजून सुरूही झाली नव्हती. किरणोत्सार तो घरून, तिथल्या रेडॉनमुळे, अंगावर घेऊन येत होता.

खरा अपाय रेडॉनच्या क्षयातून तयार होणाऱ्या पोलोनियम या किरणोत्सारी धातूचा. ते धुळीला चिकटून फुप्फुसात बसतं आणि अल्फा कण सोडतं. हा कण ऊतीत मिलिमीटरचा दहावा भागही जात नाही, पण श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी तेवढ्याच अंतरात असतात. धूम्रपान करणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी जास्त. तरीही ऑस्ट्रियात बाड गास्टाइनला लोक सांधेदुखीसाठी रेडॉनच्या बोगद्यात जाऊन बसतात. मला हे पटत नाही.

घरातला रेडॉन मोजायची, तो शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डबीची चाचणी दोन ते सात दिवसांत होते. पण आकडा दिवसागणिक आणि ऋतूप्रमाणे बदलतो, म्हणून मी तीन महिने ते वर्षभर ठेवायच्या अल्फा-ट्रॅक डबीला जास्त मानतो. तिच्यातल्या नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर प्रत्येक अल्फा कण अदृश्य ओरखडा सोडतो. प्रयोगशाळेत तो तुकडा गरम कॉस्टिक सोड्यात बुडवला की ओरखड्यांचे खड्डे होतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. राहत्या सर्वांत खालच्या मजल्यावर डबी ठेवा, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळून. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भपातळी हवेच्या घनमीटरला १०० बेकेरल (म्हणजे सेकंदाला १०० अणूंचा क्षय) आहे. अमेरिकेत १४८ ला उपाय करायला सांगतात.

उपाय म्हणजे त्याच ओढीला उलटं फिरवणं. फरशीखाली पाइप घालून पंख्याने तिथली हवा छतावर सोडायची, म्हणजे फरशीखालचा दाब घरातल्यापेक्षा कमी होतो. पाइपवर रंगीत द्रवाची यू-आकाराची छोटी नळी असते. तिच्या दोन बाजूंच्या पातळ्या वेगळ्या दिसल्या तर ओढ चालू आहे. सारख्या दिसल्या तर पंखा बंद पडलाय.