प्रोपेलर म्हणजे पंखा नव्हे

‘प्रोपेलर हा लॅटिन शब्द, अर्थ फिरणारा पंखा’ असं कितीदा तरी ऐकलंय. चूक! शब्दात ना पंखा आहे, ना फिरणं. लॅटिन ‘प्रो’ म्हणजे पुढे, ‘पेल्लेरे’ म्हणजे ढकलणं, हाकणं. शेवटचा ‘अर’ इंग्रजीने जोडलेला. म्हणजे पुढे ढकलणारा, बस्स. डॉक्टर मनगट धरून पाहतात ती पल्ससुद्धा याच ‘पेल्लेरे’ची लेक.

राइट बंधूंच्या 1903च्या विमानात प्रोपेलर पंखांच्या मागे होते, खरोखरच ढकलणारे. पुढे बसवलेला मात्र विमान ओढतो, म्हणून त्या रचनेला म्हणतात ‘ट्रॅक्टर’. तोही लॅटिनच: ‘त्राहेरे’, ओढणं. हो, शेतातला ट्रॅक्टर तोच!