पँटाला फ्लॅव्हेसेन्स
चतुरगणातील लिबेल्युलिडी कुलातील एक स्थलांतर करणारा कीटक. अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांवर आणि उष्णकटिबंधातील दूरदूरच्या बेटांवर तो आढळतो, त्यामुळे जगात सर्वाधिक पसरलेला चतुर म्हणून त्याचाच उल्लेख केला जातो. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसिउस यांनी 1798 मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले. ठाणे आणि नवी मुंबईत पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, येऊरच्या पायथ्याशी, पारसिकच्या उतारांवर व खारघरच्या मोकळ्या मैदानांवर माणसाच्या डोक्याच्या वर थव्याने घिरट्या घालणारे पिवळसर चतुर बहुधा याच जातीचे असतात.

शरीराची लांबी सुमारे 4.5 सेंमी. असून पंखविस्तार 7 ते 8.5 सेंमी. असतो. चेहरा पिवळा व उदर सोनेरी-नारिंगी असून उदराच्या पाठीवर मधोमध काळसर खुणा असतात. मागच्या पंखांचा बुडाकडील भाग विलक्षण रुंद असतो आणि लांबच्या प्रवासाचे रहस्य बरेचसे त्यातच आहे, कारण त्यामुळे पंख फारसे न हलवता वाऱ्यावर तरंगत राहणे साधते. हा चतुर क्वचितच बसतो. बसलाच तर फांदीला उभा लटकतो. हिमालयात तो 6,200 मी. उंचीवरही नोंदला गेला आहे.

मादी अंडी घालते ती मुख्यतः पावसाने साचलेल्या उथळ, तात्पुरत्या डबक्यांत. अशा पाण्यात मासे नसल्याने डिंभांना (अंड्यातून निघून पाण्यात वाढणाऱ्या पिलांना) धोका कमी असतो, मात्र डबके आटण्यापूर्वी वाढ पूर्ण होणे भाग असते. ती साधारण 38 ते 65 दिवसांत होते, तर इतर अनेक चतुरांना त्यासाठी कित्येक महिने लागतात. तलावांचे शहर म्हणून ठाण्याची ख्याती असली, तरी या जातीच्या दृष्टीने तेथील मासुंदा तलावापेक्षा बांधकामाच्या खड्ड्यात किंवा माळावर साचलेले पाणी अधिक मोलाचे आहे. डिंभ डासांच्या अळ्या खातात. पाणी आणि चकाकणारा पृष्ठभाग यांत चतुरांची गल्लत होते व माद्या मोटारीच्या टपावरही अंडी घालू पाहतात.

मालदीवमध्ये भूपृष्ठावर गोडे पाणी जवळजवळ नाही, तरीही दरवर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरदरम्यान तेथे हे चतुर प्रचंड संख्येने उतरतात. जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये असे मांडले की, ते भारतातून निघून आंतरउष्णकटिबंधीय अभिसरण पट्ट्यामागोमाग (विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांतील वारे एकत्र येतात तो पावसाचा, ऋतूनुसार सरकणारा पट्टा), 1,000 मी.हून अधिक उंचीवरील अनुकूल वाऱ्यांच्या आधारे, मालदीव व सेशेल्समार्गे पूर्व आफ्रिकेत पोहोचतात आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर भारतात परततात. हा 14,000 ते 18,000 किमी.चा फेरा एकच चतुर पुरा करीत नाही, त्यासाठी सुमारे चार पिढ्या लागतात. पुढे मालदीवमधील चतुरांच्या पंखांतील हायड्रोजन समस्थानिकांच्या (त्याच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून त्यांचे उगमस्थान उत्तर भारत, नेपाळ किंवा त्याहूनही पलीकडे असल्याचे दिसून आले. भारतातून आफ्रिकेकडे समुद्रावरून जाणारे अमूर ससाणे (लहान शिकारी पक्षी) वाटेत याच चतुरांवर गुजराण करीत असावेत, हा अँडरसन यांचा तर्क दोघांच्या प्रवासाचा काळ पाहता पटण्याजोगा आहे.

पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावर चतुरांची हीच एकमेव जात आहे. तेथील नर अधिक गडद रंगाचे असून ते समुद्रावर उडणे टाळतात. अशा एकाकी बेटावरून उडून गेलेल्या चतुराला पुढे जमीन मिळण्याची शक्यता नगण्य असल्याने भटकण्याची वृत्ती तेथे घातकच ठरते.