ढाबा डाळ (कोकणातील)

ढाबा डाळ : महामार्गावरील ढाब्यांतून रूढ झालेला डाळीचा दाट प्रकार. शिजवून घोटलेली डाळ कांदा, लसूण, आले व टोमॅटोच्या परतणात आळवून वर तुपाची दुसरी फोडणी देतात. कोकणातील घरांत ती वरण व आमटी यांहून वेगळी मानली जाते, कारण तिच्यात ना गूळ, ना गोडा मसाला, ना ओले खोबरे.

उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत तिला फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या पंजाबी उपाहारगृहांशी जोडते. दालमखनीच्या श्रेयावरून दिल्लीतील दोन उपाहारगृह-समूहांचा वाद २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेला. पण दालमखनी अख्ख्या उडदाची व लोण्या-सायीची, त्यामुळे पिवळ्या ढाबा डाळीच्या संदर्भात तो वाद फारसा उपयोगी नाही. दुसरे मत बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातील ‘विदलपाक’ या हिंग-हळद घातलेल्या मिश्र डाळींच्या पदार्थापर्यंत मागे जाते. मिश्र डाळ व हिंग यांपुरते हे साम्य मान्य करता येईल, त्यापुढे नाही. मिरची आणि टोमॅटो ही दोन्ही अमेरिकेतील पिके. ती पोर्तुगीजांच्या आगमनानंतरची, आणि टोमॅटो तर घरोघरी बहुधा बराच उशिरा पोचला. तेव्हा आजचे रूप विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, ट्रकचालकांच्या मार्गांवर घडले असावे, हे तिसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

मुंबई–गोवा महामार्गावर (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १७, आता ६६) खानावळींचा जोर माशांच्या ताटावर. डाळीला मागणी येते ती सोमवार-गुरुवारी, श्रावणात आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात. घरीही ती बहुतेक याच दिवसांत होते.

तीन भाग तूरडाळ व एक भाग चणाडाळ किंवा मसूर हे प्रमाण सोयीचे. चणाडाळ शिजायला वेळ घेते, म्हणून ती तासभर आधी भिजवावी. वाटीभर डाळीस तीन वाट्या पाणी, हळद, हिंग व चमचाभर तेल पुरते. आंबट मात्र आधी घालू नये. आम्लामुळे पेशीभित्तींतील पेक्टिन (पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा पदार्थ) लवकर विरघळत नाही आणि डाळ टणक राहते. कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमही हेच करतात. किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही ही तक्रार यातलीच. चिमूटभर सोड्याने ती मऊ पडते खरी, परंतु थायमिन हे जीवनसत्त्व घटते व चवही साबणी होते. पिण्याचे पाणी वापरणे बरे.

टोमॅटो महाग असतो तेव्हा आमसुले घालतात. ती उकळत ठेवली तर डाळ काळपट होते. गॅस बंद करण्याआधी दोन-तीन टाकून पुढे काढून घेतात. ढाब्याची चव मसाल्यात शोधणारे बहुधा चुकतात. कांदा तांबूस होऊन कडेने तेल सुटेपर्यंत परतणे आणि नंतर डाळ मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे आळवणे, यांतच ती आहे. कुकरमधून थेट ताटात आलेली डाळ, फोडणी कितीही झणझणीत असली, तरी वरणच लागते.

दुसऱ्या फोडणीला कोकणी स्वयंपाकघरात लोखंडी पळी असतेच. पळीत तूप तापवून जिरे, ठेचलेला लसूण, सुकी मिरची. गॅस बंद केल्यावर लाल तिखट, नाहीतर ते करपते. पळी डाळीत बुडवून चुर्र आवाज झाला की लगेच झाकण. धूर हवा असल्यास कोळशाऐवजी करवंटीचा रसरसलेला निखारा वाटीत ठेवून त्यावर तूप सोडतात व भांडे दोन-तीन मिनिटे झाकतात. जास्त वेळ ठेवल्यास कडवटपणा येतो. कसुरी मेथी चुरून वरून घालतात, ती ऐच्छिक.

सोबत तांदळाची भाकरी, सिंधुदुर्गात उकड्या तांदळाचा भात. थंड झाल्यावर डाळ घट्ट होते. ती गरम पाण्यानेच सैल करावी.