गॅसची की इनर्शियाची? पावसात नेम धरणाऱ्या डावखुऱ्याची शॉटगन

एक गॅसवर चालणारी, दुसरी इनर्शियावर, म्हणजे जडत्वावर चालणारी; बाहेरून पाहिले तर दोन्ही बंदुका सारख्याच दिसतात. एक नळी, तिच्याखाली काडतुसे साठवणारी दुसरी बारीक नळी, एका अंगाला रिकामी पुंगळी बाहेर फेकणारी खिडकी, आणि चाप ओढताच पुंगळी फेकून पुढचे काडतूस चढवणारी यंत्रणा. दोघींनाही सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन म्हणतात, आणि त्यामुळेच एकीचे गुण दुसरीला चिकटवले जातात. ‘सेमी-ऑटो म्हणजे धक्का कमी’ हे विधान एकीच्या बाबतीत खरे आहे, दुसरीच्या बाबतीत नाही. ‘सेमी-ऑटो म्हणजे साफसफाईची कटकट’ हेही एकीलाच लागू पडते. कोरड्या हवेत, उजव्या खांद्यावरून, अधूनमधून नेमबाजी करणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही. पाऊस आणि डावा खांदा एकत्र आले की मात्र तो चांगलाच जाणवतो.

सोलापुरात बसून हा विषय कशाला, असे कोणी विचारील. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे शिकार बंद आहे. हिप्परग्याच्या तलावावर आणि उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात उतरणारी बदके दुर्बिणीतून पाहण्यासाठी आहेत, आणि ते तसेच राहावे असे मला मनापासून वाटते. शिवाय शस्त्र नियम, 2016 च्या पहिल्या अनुसूचीत अर्धस्वयंचलित बंदूक पहिल्या वर्गात मोडते. पीकसंरक्षणासाठी किंवा आत्मसंरक्षणासाठी मिळणाऱ्या नेहमीच्या परवान्यावर एकनळी किंवा दुनळी घेता येते, ही घेता येत नाही. परंतु आपली मुले आता जगभर पसरली आहेत. सिएटलच्या बाजूला नोकरी करणाऱ्या माझ्या डावखुऱ्या पुतण्याने तिथला रीतसर परवाना काढल्यावर मला विचारले, “काका, इथे अख्खा हिवाळा पाण्यात जातो. कुठली घेऊ?” त्याला जे सविस्तर सांगितले, तेच इथे नीट मांडतो आहे.

आधी गॅसवर चालणारी बंदूक. काडतुसातली दारू पेटली की तिच्या गॅसच्या दाबाने छर्रे नळीतून पुढे जातात. या बंदुकीच्या नळीला खालच्या बाजूने बारीक भोके असतात. छर्रे तिथून पुढे सरकले की थोडा गॅस त्या भोकांतून खाली उतरतो, पुढच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीखाली दडलेल्या पिस्टनला मागे ढकलतो, पिस्टन दांड्यांच्या साहाय्याने बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग, मागे नेतो, पुंगळी बाहेर पडते आणि स्प्रिंगच्या जोरावर बोल्ट परत येताना नवे काडतूस चढवतो. 1963 साली आलेल्या रेमिंग्टन 1100 ने ही पद्धत अमेरिकेत घरोघरी पोहोचवली. इटलीच्या बेरेटाची ए400 मालिकाही याच कुळातली आहे.

इनर्शियाच्या बंदुकीत नळीला भोक नाही आणि पिस्टनही नाही. तिथला बोल्ट दोन भागांचा असतो. पुढे फिरून कुलूप लावणारे डोके, मागे जड धड, आणि दोघांच्या मध्ये एक आखूड, ताठ स्प्रिंग. कुदळीचा दांडा बसवताना आपण दांड्याचा जाड टोकाचा भाग जमिनीवर आपटतो. दांडा एकदम थांबतो, पण जड लोखंड आपल्या गतीने खाली सरकून घट्ट बसते. इथे तेच तत्त्व उलट्या अंगाने काम करते. बार उडताच सगळी बंदूक झटक्याने मागे सरकते, परंतु बोल्टचे जड धड जागच्या जागी राहू पाहते, त्यामुळे मधली स्प्रिंग काही मिलिमीटर दबते, आणि छर्रे नळीबाहेर पडून दाब उतरल्यावर ती उसळून धडाला मागे फेकते. धड मागे जाताना डोक्याचे कुलूप फिरवून उघडते. स्वीडनच्या स्येग्रेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच अशी बंदूक बनवली होती. पुढे ब्रूनो चिवोलानी यांच्या रचनेवर इटलीतल्या उर्बिनोच्या बेनेली कंपनीने 1967 पासून ती जगभर नेली.

या दोन वर्णनांतली एक गोष्ट पावसात निर्णायक ठरते. गॅसच्या बंदुकीत जळलेल्या दारूची काजळी यंत्रणेच्या आत येते. इनर्शियाच्या बंदुकीत ती जवळजवळ सगळी नळीच्या तोंडातून बाहेर जाते. कोरड्या दिवशी पिस्टनवरची काजळी भुकटीसारखी असते आणि बराच काळ कामात अडथळा आणत नाही. पावसाचे पाणी मात्र पुढच्या मुठीच्या फटीतून आत शिरते, त्या भुकटीत आणि तेलात मिसळते, आणि त्याचा काळा, चिकट लगदा तयार होतो. तो पिस्टनच्या कड्यांभोवती बसतो, गॅसच्या भोकांच्या तोंडाशी साचतो आणि बोल्टची चाल मंदावते. आधी पुंगळी जोराने बाहेर पडायची ती आता पायाशीच पडू लागते, आणि मग एखादी खिडकीत आडवी अडकते. दिवसभर भिजलेली गॅसची बंदूक तशीच पिशवीत घालून ठेवली तर काजळीने धरलेली ओल पोलादाला सोडत नाही, आणि सकाळी पिस्टनच्या नळीवर तांबूस गंजाची पुटे दिसतात. म्हणून अशी बंदूक घेणाऱ्याने पावसातून परतल्यावर त्याच रात्री पुढची मूठ काढून पिस्टन पुसण्याची तयारी ठेवावी, आणि ती तयारी नसेल तर ही बंदूक घेऊ नये.

याचा अर्थ इनर्शियाच्या बंदुकीला पाण्याचे भय नाही असा मुळीच नाही. तिचे दुखणे वेगळ्या जागी असते, आणि ते दिसत नसल्यामुळे अधिक त्रासदायक ठरते. बेनेलीच्या बहुतेक मॉडेलांत बोल्ट परत आणणारी लांब स्प्रिंग दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या, आत एका नळीत असते. बंदूक तोंड वर करून खांद्याला टेकवून पावसात उभे राहिले की पाणी खिडकीतून मागे उतरत त्या नळीत जाऊन बसते. वरून सगळे लख्ख असते आणि आत स्प्रिंग गंजत असते. दस्ता उतरवून ही नळी वर्षातून एकदा तरी साफ केली पाहिजे. रेमिंग्टन 1100 मध्येही ही स्प्रिंग दस्त्यातच असते, तेव्हा हा दोष केवळ इनर्शियाचा आहे असे समजू नये. फ्रांकी अ‍ॅफिनिटीसारख्या इनर्शियाच्या बंदुकीत ती पुढे, काडतुसांच्या नळीभोवती बसवलेली असते आणि तिथे हात सहज पोहोचतो. माझ्या दृष्टीने पावसासाठी हा मोठा गुण आहे.

इनर्शियाच्या बंदुकीची दुसरी खोड अशी की तिचे कुलूप पूर्ण फिरले नाही तर चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येतो आणि बार उडत नाही. आवाज होऊ नये म्हणून बोल्ट हाताने हळू सोडला, किंवा झुडपातून चालताना बोल्टचा खटका ओल्या बाहीत अडकून किंचित मागे सरकला, की हे घडते. बेनेलीने नव्या सुपर ब्लॅक ईगल 3 मध्ये यावर उपाय केला आहे. जुन्या बंदुकीत बोल्ट नेहमी पूर्ण जोराने सोडणे आणि चालून आल्यावर खटका पुढे आहे ना हे बोटाने चाचपणे, एवढी सवय पुरते.

आता काडतुसांकडे येतो, कारण माझ्या मते निवड इथेच होते. इनर्शियाची बंदूक स्वतःच्या धक्क्यावर चालते, म्हणून धक्का पुरेसा नसेल तर ती चालत नाही. ऑलिम्पिक ट्रॅपच्या, म्हणजे उडत्या तबकड्या टिपण्याच्या स्पर्धेच्या, नियमांत छर्ऱ्यांचा भार 24 ग्रॅमचा असतो, आणि एवढ्या हलक्या काडतुसावर, विशेषतः नव्या, स्प्रिंगा अजून ताठ असलेल्या इनर्शियाच्या बंदुकीत बोल्ट अर्ध्यावरून परत येण्याचा संभव असतो. बंदुकीला टॉर्च किंवा जास्त काडतुसांची जोडनळी लावून वजन वाढवले तर तीही मागे सरकायला कुरकुरते. गॅसच्या बंदुकीला मात्र आपण ती कशी धरतो याच्याशी फारसे देणेघेणे नसते, आणि आधुनिक गॅसच्या बंदुकांतली झडप जादा गॅस बाहेर सोडून हलकी-जड दोन्ही काडतुसे चालवून घेते. बदकांच्या शिकारीचे गणित उलट आहे. अमेरिकेत 1991 पासून पाणपक्ष्यांसाठी शिशाच्या छर्ऱ्यांना देशभर बंदी आहे. पोलादाचे छर्रे शिशापेक्षा हलके असल्यामुळे काडतुसे लांब आणि जोरकस असतात, आणि असल्या काडतुसांवर इनर्शियाची यंत्रणा अगदी निर्धास्त चालते. (स्थलांतरी पक्ष्यांसाठी तिथे बंदुकीत एका वेळी एकूण तीनच काडतुसे मावतील असा अडसर बसवावा लागतो, हे पुतण्याला मी आवर्जून बजावले.) काडतुसाची पुंगळी प्लॅस्टिकचीच हवी. कागदी पुंगळी ओलीने फुगते आणि कोणत्याही यंत्रणेत अडकते. आपल्या खडकीच्या कारखान्याची 12 बोअरची शक्तिमान काडतुसे पूर्वी कागदी पुंगळीत येत, तेव्हा पावसाळ्यात ती पत्र्याच्या डब्यात कोरडी ठेवावी लागत हे जुन्या परवानाधारकांना ठाऊक आहे.

धक्क्याविषयी थोडक्यात. गॅसच्या बंदुकीत बोल्टची हालचाल धक्क्याला लांबवते, आणि खांद्याला एका ठोक्याऐवजी ढकलल्यासारखे वाटते. इनर्शियाच्या बंदुकीत धक्का जसाच्या तसा येतो. त्यातून ती साधारण तीन किलोच्या आसपास, म्हणजे गॅसच्या बहुतेक बंदुकांपेक्षा हलकी, त्यामुळे जड काडतुसांवर तो अधिकच लागतो. खांदा दुखरा असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांवर मात करू शकतो.

आता डावखुरेपण. इथे पुन्हा दोन सारख्या वाटणाऱ्या गोष्टींची गल्लत होते. ‘डावखुऱ्यांनाही चालते’ असे लिहिलेली बंदूक बहुधा उजव्याच हाताची असते. फक्त तिच्या सेफ्टीचे बटण उलटे बसवता येते आणि दस्ता डावीकडे झुकवणाऱ्या चकत्या सोबत दिलेल्या असतात. खरी डावखुरी बंदूक म्हणजे जिची खिडकी, बोल्टचा खटका आणि पुंगळी फेकण्याची दिशा हे सगळे डावीकडे असते. उजव्या हाताची बंदूक डाव्या खांद्याला लावली की उघडी खिडकी चेहऱ्याच्या बाजूला येते. पुंगळी नजरेसमोरून आडवी जाते. कोरड्या दिवशी याची सवय होते आणि कितीतरी डावखुरे अशीच बंदूक आयुष्यभर उत्तम चालवतात. शिवाय खटका उजवीकडे असल्याने तो पुढच्या उजव्या हाताने ओढता येतो, डाव्या हाताची पकड सोडावी लागत नाही, ही सोयही मान्य केली पाहिजे. पाऊस सुरू झाला की चित्र बदलते. प्रत्येक बाराबरोबर खिडकीतले पाणी, तेलाचे थेंब आणि गॅसच्या बंदुकीत काजळीचे शिंतोडे चष्म्यावर येतात. दुसरा बार झाडण्याच्या क्षणी काचेवर काळा थेंब असणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले त्याला सांगावे लागत नाही. चष्मा काढणे हा त्यावरचा उपाय नाही. नेमबाजीत डोळ्यांवर संरक्षक काच हवीच.

म्हणूनच माझे मत असे आहे की पावसात डावखुऱ्याने खिडकी डावीकडे असलेल्या बंदुकीचा आग्रह धरावा, आणि गॅसची घेणार असेल तर तो आग्रह अजिबात सोडू नये. बेनेलीच्या माँतेफेल्त्रो आणि सुपर ब्लॅक ईगल डाव्या हाताच्या मिळतात. रेमिंग्टन 1100 ची डावखुरी आवृत्तीही निघालेली आहे, पण ती जुन्या बाजारात शोधावी लागते. मॉसबर्ग 930 ची सेफ्टी दस्त्याच्या वर, अंगठ्याखाली असते, त्यामुळे ओल्या हातमोज्यातही दोन्ही हातांना सारखी पडते. खिडकी मात्र उजवीकडेच आहे.

या सगळ्याआधी एक तपासणी करावी. हात डावा असला तरी प्रधान डोळा डावाच असतो असे नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या वस्तूकडे बोट रोखावे आणि एकेक डोळा मिटून पाहावे. ज्या डोळ्याने बोट वस्तूवर स्थिर राहते तो प्रधान. तो उजवा निघाला तर प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय डावखुऱ्या बंदुकीवर खर्च करू नये.

पुतण्याला मी शेवटी जे सांगितले ते असे. पाणथळीत, पोलादी छर्ऱ्यांची जड काडतुसे घेऊन उभे राहणार असशील तर डाव्या खिडकीची इनर्शियाची बंदूक घे, दस्ता लाकडाचा नको, सिंथेटिक असू दे, आणि खांद्यावरचा ठोका सहन करण्याची तयारी ठेव. आठवड्याला मातीच्या तबकड्यांवर हलकी काडतुसे उडवणार असशील आणि बदके वर्षातून क्वचितच, तर गॅसची घे. डावखुरी मुळीच मिळाली नाही आणि उजव्या हाताचीच घ्यावी लागली, तर तबकड्यांचा शौक बाजूला ठेवून इनर्शियाचीच घे, कारण तिची खिडकी चेहऱ्याकडे कमी घाण टाकते. दुकानात जाताना जाड रेनकोट अंगात घालून जा आणि तो घालूनच बंदूक खांद्याला लावून पाहा. बाहीत किंवा काखेत दस्ता अडकत असेल तर तो आखूड करून घ्यावा लागेल. आणि चिखलात पाय घसरून नळीचे तोंड कुठेही टेकले, तर काडतुसे काढून, नळीतून आरपार उजेड दिसतो याची खात्री झाल्याशिवाय पुढचा बार भरू नकोस. अडलेली नळी फाटते, मग यंत्रणा गॅसची असो वा इनर्शियाची.