पार्श्वभूमी : बाळ काचेत, जंतू हातांवर

नवजात अतिदक्षता विभागात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची साथ आली की आणखी जालीम प्रतिजैविकाचा शोध सुरू होतो. या साथींचा इतिहास पाहिला तर मूळ दुसरीकडे सापडतं. बाळांना आईपासून वेगळं करून एका खोलीत ओळीने ठेवायला सुरुवात झाली, तिथे.

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या प्रसूतिगृहांत पेनिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू पसरला. ‘80/81’ नावाने ओळखला जाणारा हा प्रकार पुढे इंग्लंड-अमेरिकेतही पोचला. बाळाच्या अंगावर फोड यायचे, घरी गेल्यावर आईच्या स्तनात गळू व्हायचं. जंतू हवेतून पसरतो असा अनेकांचा समज होता. 1960 च्या दशकात अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत वेगळंच दिसलं : परिचारिका ज्या बाळांना हात न धुता हाताळत, त्यांच्या अंगावर तो जास्त प्रमाणात आणि लवकर येई.

दरम्यान, बाळांना हेक्साक्लोरोफिन या जंतुनाशकाने सरसकट आंघोळ घालण्याची पद्धत पडली होती. साथी ओसरल्या खऱ्या, पण हे द्रव्य त्वचेतून शरीरात जाऊन मेंदूला इजा करू शकतं असं दिसल्यावर डिसेंबर 1971 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याविरुद्ध सल्ला दिला. आंघोळी थांबल्या आणि अनेक ठिकाणी स्टॅफिलोकॉकस परतला.

तोवर व्हेंटिलेटर आणि नाभीतून घालायच्या नळ्या आल्या होत्या. हजार ग्रॅमची बाळंही जगू लागली. नळ्यांवर, सिंकच्या ओलाव्यात तग धरणाऱ्या क्लेबसिएलासारख्या जंतूंचं मात्र फावलं. त्यात औषधांची निवडही महत्त्वाची ठरली. नेदरलँड्समध्ये एकाच विभागाच्या दोन कक्षांत वेगवेगळी प्रतिजैविकं वापरून पाहिली, सहा महिन्यांनी अदलाबदल केली. 2000 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : पेनिसिलिन-टोब्रामायसिनच्या तुलनेत अमॉक्सिसिलिन-सेफोटॅक्सिम वापरताना, दिलेल्या औषधाला न जुमानणारे जंतू बाळांच्या अंगी बसण्याचा धोका 18 पट होता.

भारतात 2005 च्या जननी सुरक्षा योजनेनंतर रुग्णालयातली बाळंतपणं झपाट्याने वाढली, जिल्ह्याजिल्ह्यांत एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांसाठीचे विशेष कक्ष, उभे राहिले. त्यांनी असंख्य बाळं वाचवली, हे आधी सांगायला हवं. पण बाळाला ऊब देणाऱ्या एका वॉर्मरवर दोन बाळं ठेवायची वेळ आली, की सिस्टरने दर वेळी हात धुवायचे कसे? दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या 2011 ते 2014 मधल्या अभ्यासात सर्वाधिक आढळलेला जंतू ॲसिनेटोबॅक्टर होता आणि त्याचे 82 टक्के नमुने अनेक औषधांना दाद देत नव्हते. जवळपास दोन तृतीयांश संसर्ग जन्मानंतर 72 तासांतच झाले होते.

बाळाला उबेत ठेवणाऱ्या काचेच्या पेट्यांचा (इन्क्युबेटर) तुटवडा आणि संसर्गाचा कहर यांतूनच 1978 मध्ये कोलंबियात, बोगोटाला, डॉ. एडगार रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी बांधली. कांगारू मातृसेवा ती हीच. भारतासह पाच देशांतल्या चाचणीत बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता, जन्मल्यापासूनच ती दिली आणि आईलाही अतिदक्षता विभागातच ठेवलं. मृत्यू 25 टक्क्यांनी घटले, जंतुसंसर्गही कमी झाला. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. तिचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले.