दक्षिणेकडे तोंड केलेल्या थाळीचा कर्णा

मागच्या आठवड्यात नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर नवी डिश बसवण्यावरून वाद झाला. तळमजल्यावरच्या काकूंचे म्हणणे असे, की दक्षिण ही यमाची दिशा, आणि तिकडे तोंड करून दिवसरात्र किरणे फेकणारी थाळी आपल्या डोक्यावर नको. दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतात आणि नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला २१ अंशांवर आहे, त्यामुळे सीताबर्डीपासून कामठीपर्यंतची प्रत्येक डिश दक्षिणेच्या बाजूलाच बघणार. तिला वास्तुशास्त्राप्रमाणे उत्तरेकडे वळवली तर पडदा कोराच राहील. किरणे फेकण्याची शंकाही निराधार आहे, कारण घरावरची डिश काही पाठवत नाही, फक्त गोळा करते. काकूंना हे पटवताना माझ्या लक्षात आले की थाळीविषयी सगळेच बोलतात, पण थाळी हा केवळ आरसा आहे. खरा अँटेना तिच्यासमोरच्या दांडीच्या टोकाला, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टोपणाखाली असतो, आणि तो असतो एक छोटासा कर्णा, म्हणजे हॉर्न अँटेना.

उपग्रहाचा संदेश ज्यांतून येतो त्या आखूड रेडिओ लहरी, म्हणजे मायक्रोवेव्ह, वाहून नेण्यासाठी तारेऐवजी धातूची पोकळ नळी वापरतात, तिला वेव्हगाइड म्हणतात. नळी तशीच उघडी सोडली तर लहर तोंडाशी येऊन अंशतः मागे परतते, कारण नळीतली परिस्थिती आणि बाहेरची मोकळी हवा यांत एकदम फरक पडतो. तुतारीचे तोंड हळूहळू रुंदावत गेलेले असते म्हणूनच फुंकणाऱ्याचा श्वास चौकभर ऐकू जातो. नळीचे तोंड तसेच पसरत नेले की लहरही फारशी न परतता बाहेर पडते, आणि तोंड जितके रुंद तितका झोत अरुंद होतो. जगदीशचंद्र बोस यांनी १८९७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरींचे प्रयोग दाखवले, तेव्हा त्यांच्या उपकरणात पिरॅमिडच्या आकाराचे असेच एक नरसाळे होते.

साध्या पिरॅमिडी कर्ण्याचा एक मोठा गुण आहे: त्याची मापे ठाऊक असली की तो झोत किती एकवटेल हे कागदावर बऱ्याच अचूकपणे काढता येते, आणि म्हणून प्रयोगशाळेत इतर अँटेना त्याच्याशी ताडून पाहतात. पण त्यात एक दोषही आहे, आणि तो दूर करण्याची युक्ती मला या साऱ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते.

धातूच्या भिंतीला समांतर असलेले विद्युतक्षेत्र भिंतीपाशी शून्य व्हावेच लागते, तर भिंतीला लंब असलेल्या क्षेत्रावर असे बंधन नसते. त्यामुळे कर्ण्याच्या तोंडाशी दोन बाजूंना क्षेत्र हळूहळू विरत जाते, पण उरलेल्या दोन बाजूंना ते थेट कडेपर्यंत भरून राहते. परिणामी झोत आडवा एक रुंदीचा आणि उभा वेगळ्या रुंदीचा होतो, आणि भरल्या कडांवरून काही लहर बाजूला व मागे वळते. ग्रहण करणाऱ्या कर्ण्याच्या बाबतीत याचा अर्थ असा, की तो थाळीच्या कडेपलीकडची जमीनही ‘पाहतो’. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार रेडिओ लहरींची खरखर करते, म्हणून ती खरखर केल्विनमध्ये, म्हणजे निरपेक्ष शून्यापासूनच्या अंशांत, मोजतात; उपग्रहाच्या वारंवारतांना निरभ्र आकाशाचे असे तापमान काही केल्विन इतके अल्प असते, तर मे महिन्यातली आपली ४५ अंशांची हवा आणि तिच्याहून तापलेली गच्ची ३१८ केल्विनच्या वरच असते. या उष्णतेची खरखर उपग्रहाच्या क्षीण संदेशात मिसळते.

यावर १९६० च्या दशकात उपाय सापडला तो असा, की कर्ण्याच्या आतल्या भिंतीवर ओळीने गोल खाचा पाडायच्या आणि त्यांची खोली तरंगलांबीच्या एक चतुर्थांश ठेवायची. खाचेत शिरलेली लहर तळाशी आदळून उलटी होते आणि वर येते. जाताना पाव आणि येताना पाव, असा तिचा अर्ध्या तरंगलांबीचा प्रवास होतो, आणि तेवढ्यानेही ती पुन्हा उलटते. तळाशी जिथे धातूमुळे विद्युतप्रवाह मुक्त वाहत होता, त्याच्या नेमके उलट चित्र खाचेच्या तोंडाशी तयार होते: तिथे कर्ण्याच्या लांबीच्या दिशेने प्रवाह वाहूच शकत नाही. भिंत धातूचीच आहे, पण लहरीला ती धातूसारखी वाटत नाही. मग क्षेत्र चारही बाजूंनी सारखेच कडेकडे विरत जाते, झोत गोल होतो, आणि आडवे व उभे ध्रुवण असलेले, म्हणजे ज्यांचे विद्युतक्षेत्र आडवे किंवा उभे हेलकावते असे संदेश एकमेकांत मिसळत नाहीत. विश्वाच्या आरंभकाळचे प्रारण मोजणाऱ्या कोबे आणि डब्ल्यूमॅप या उपग्रहांवर असेच खाचांचे कर्णे होते.

त्या प्रारणाचा शोधही कर्ण्यानेच लावला. अमेरिकेत होमडेल येथे सुमारे ६ मीटर रुंद तोंडाचा कर्णा होता, ज्याच्या आतच परावर्तक बसवलेला असल्याने त्याला जमिनीची ऊब फार थोडी जाणवत असे. १९६४ मध्ये पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांना त्यात सुमारे साडेतीन केल्विनची खरखर मिळाली, जी कबुतरांची विष्ठा साफ करूनही जाईना; ती खरखर म्हणजेच ते प्रारण. १९७८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

आणखी एक जात कडांच्या कर्ण्याची. नळीच्या रुंदीच्या दुपटीहून लांब लहर तिच्यातून जात नाही, पण वरून व खालून मधोमध धातूच्या कडा, म्हणजे लांबट उंचवटे, आत आणले तर त्याहून बऱ्याच लांब लहरीही जाऊ शकतात, आणि एकच कर्णा १ ते १८ गिगाहर्ट्‌झ इतक्या विस्तृत पट्ट्यात चालतो. एखादे यंत्र नको त्या लहरी सांडते का, हे तपासण्यासाठी तो वापरतात.

आमच्या गच्चीवरची जुनी डिश उतरवली तेव्हा मी तिचे टोपण काढून पाहिले. नागपूरच्या उन्हाने ते तडकले होते, आणि फटीतून शिरलेल्या कुंभारमाशीने आत चिखलाचे घर बांधले होते. मधल्या भोकाभोवती धातूची गोल कडी एकात एक बसवलेली दिसली. कर्णा इतका पसरट, की त्याच्या खाचा थेट समोर तोंड करून होत्या. १२ गिगाहर्ट्‌झला लहर अडीच सेंटिमीटरची, म्हणजे खाच सुमारे ६ मिलिमीटर खोल; पट्टी लावून पाहिली तर जवळपास तेवढीच भरली. चिखलाने भरलेल्या खाचेत लहर आखूड होते, त्यामुळे पाव तरंगलांबीचा हिशेब बिघडतो, आणि ओल्या चिखलात तर तिची शक्तीच शोषली जाते. चित्र अडकते ते पावसामुळे, असे आम्ही दोन वर्षे समजत होतो. मी ओल्या ब्रशने खाचा हळूहळू साफ केल्या, कारण टोकदार वस्तूने कड वाकली असती, आणि वाळल्यावर त्यावर नवे टोपण बसवून तो कर्णा काकूंच्या हातात दिला.